दूध केंद्रावर अन् सून कोरड्या भाकरीवर
पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचे संशोधन आपल्या गोठ्याला काय सांगते?

गेल्या पंधरवड्यात रिद्धपूरला संत्राबागेतील जस्ताच्या कमतरतेवर शेतकऱ्यांची बैठक होती. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडला की काय करावे, एवढाच विषय. बैठक आटोपली, चहा आला. एका शेतकरी भाऊंनी बिनसाखरेचा चहा मागितला. वय पन्नाशीच्या अलीकडे, अंगाने काटक, पोट पाठीला लागलेले. सहज विचारले, तर म्हणाले, "साहेब, शुगर निंघाली. मले एक सांगा, शुगर तं पोट सुटलेल्या शेठलोकाइले होते. माह्या अंगावर मूठभर मास नाई, दिवसभर वावरात राबतो. मंग मले कशी झाली?"

आम्ही पडलो कृषी पदविकेवाले. कपाशीवरच्या बोंडअळीचे विचारा, सांगू. माणसाच्या साखरेचे काय सांगणार? "डॉक्टरले विचारून सांगतो भाऊ," असे म्हणून वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी बाग पाहायला त्यांच्याच घरी जाणे झाले. गोठ्यात दोन म्हशी. सकाळ-संध्याकाळ मिळून नऊ लिटर दूध. किती विकता विचारले, तर घरची आजी म्हणाली, "चहापुरतं ठेवतो, बाकी सारं केंद्रावर." ओसरीत त्यांची सून तूर निवडत बसली होती. चौथा महिना. ताटात भाकर आणि तिखटाचा गोळा. मी म्हटले, "आजी, सुनेला पेलाभर दूध देत नाही का?" आजी म्हणाली, "नाई बाप्पा! दूध पेलं तं लेकरू मोठं होते अन् बाळंतपन अडते. लेकरू बारीकच बरं."

मुलाच्या बापाची साखर आणि सुनेचा दुधाचा पेला या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, असे मला त्या दिवशी वाटले नाही. ओळखीच्या एका डॉक्टरांना भाऊंचा प्रश्न सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "याचे उत्तर शोधण्यात पुण्याच्या एका माणसाची चाळीस वर्षे गेली आहेत. याज्ञिकांचे लेख वाच." डॉक्टरांना मधे मधे त्रास देत जमले तेवढे वाचले. त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

बारीक माणसाला साखर का?

डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये झाले. पुढे काही काळ त्यांनी इंग्लंडात ऑक्सफर्डला संशोधन केले आणि पुण्याला परत येऊन केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात मधुमेहाचे काम सुरू केले. त्यांचे शेकडो लेख जगातल्या नामांकित वैद्यकीय मासिकांत छापून आले आहेत. एवढी मोठी यादी पाहून माझ्यासारखा माणूस घाबरूनच जातो. परंतु ती यादी सालवार लावून वाचली तर जाणवते की एका लेखाने प्रश्न टाकायचा आणि पुढच्याने त्याचे बोट धरून चालायचे, असा तो प्रवास आहे. हाडाचा शेतकरी जसा मागच्या हंगामाची वही पाहून पुढची पेरणी ठरवतो, तसेच ते आहे.

पहिला प्रश्न आपल्या भाऊंचाच होता. विलायती पुस्तकांत लिहिले होते की हा मधुमेह जाड आणि वयस्क माणसाला होतो. पुण्याच्या दवाखान्यात मात्र त्यांच्यासमोर येणारा रोगी तरुण आणि पुष्कळदा अंगाने बारीक असे. वजन कमी, पण पोटाभोवती चरबी.

हे जगाला पटवून देण्यासाठी याज्ञिकांनी २००४ साली एक गमतीची गोष्ट केली. 'लॅन्सेट' या मासिकात त्यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत एका पानाचा लेख दिला. दोघांच्याही आडनावाचे इंग्रजी आद्याक्षर 'वाय', म्हणून त्याला 'वाय-वाय'चे कोडे म्हटले गेले. वजनाला उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्यावरून डॉक्टर जाड-बारीक ठरवतात. तो आकडा दोघांचाही २२.३, म्हणजे कागदावर दोघे सारखेच. यंत्राने अंगातली चरबी मोजली, तर युडकिनसाहेबांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त! डॉक्टरांनी स्वतःचेच अंग पुरावा म्हणून पुढे ठेवले.

आपल्या केंद्रावर दुधाचे फॅट लावल्याशिवाय भाव ठरत नाही. नुसते डोळ्याने पाहून दूध घट्ट की पातळ हे नक्की सांगता येत नाही. माणसाचेही तसेच आहे. बाहेरून बारीक दिसणाऱ्याचे 'फॅट' आत जास्त असू शकते, आणि मांस, म्हणजे स्नायू, कमी. साखर खर्च होण्याची मोठी जागा स्नायू. ते कमी आणि पोटातली चरबी जास्त असली की इन्सुलिनचे काम अडते आणि साखर रक्तात राहते. याला डॉक्टर चयापचयाचा बिघाड म्हणतात.

सहा गावे आणि तिथल्या माता

मग ही चरबी अंगात येते केव्हा? चाळिशीत, की त्याच्या आधीच?

त्याच सुमारास इंग्लंडच्या साउथॅम्प्टनचे प्राध्यापक डेव्हिड बार्कर यांनी एक विचार मांडला होता. जुन्या दाईंच्या वह्यांतून त्यांनी बाळांची वजने शोधली आणि तीच बाळे म्हातारी झाल्यावर कशाने आजारी पडली, कशाने गेली हे पाहिले. जन्माला हलकी असलेली माणसे पुढे हृदयरोग आणि मधुमेहाला जास्त बळी पडत होती. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा पोटात असलेल्या मुलांच्या बाबतीतही पुढे असेच काही आढळले. आईच्या पोटात उपास घडला की शरीर त्याची नोंद ठेवते, असा याचा अर्थ निघाला.

याज्ञिकांनी हे पुण्यात तपासले. १९९५ साली छापलेल्या लेखात त्यांनी चार वर्षांच्या मुलांना ग्लुकोज पाजून रक्त तपासल्याचे दिले आहे. जन्माला हलकी असलेल्या मुलांत साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त आढळले. ही मुले आठ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. डॉ. आशिष बावडेकर यांच्यासह १९९९ साली लिहिलेल्या लेखाचा निष्कर्ष असा, की जन्माला लहान पण आठव्या वर्षी मोठी झालेली मुले सर्वांत जास्त धोक्यात आहेत. आपल्याकडे बारीक लेकराला तूप-साखर, बिस्किटे भरवून 'गुटगुटीत' करण्याची घाई असते. तिच्याकडे या निष्कर्षानंतर जरा सावधपणे पाहावे लागेल.

परंतु जन्मानंतर मोजून भागणार नव्हते. आईपासून सुरुवात करायला हवी होती. म्हणून १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 'पुणे मातृ पोषण अभ्यास' सुरू झाला. साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव हे या कामातले सोबती. लग्न झालेल्या तरुण बायकांची गर्भ राहण्याच्या आधीच नोंद करून ठेवली. पुढे सुमारे आठशे गरोदर मातांचा अभ्यास झाला. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात त्यांनी काय खाल्ले, किती खाल्ले, काम किती केले, सगळे लिहून घेतले. बाळ जन्मले की त्याचे वजन, लांबी, डोके, पोट, दंड आणि पाठीवरच्या कातडीची घडी चिमट्याने मोजली.

या माता सरासरी एकवीस वर्षांच्या, उंची पाच फुटांच्या आत-बाहेर. गहू-ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या, शेतात राबणाऱ्या. आपल्या मोर्शी तालुक्यातल्या बायकांपेक्षा त्या वेगळ्या नव्हत्या.

२००३ साली यातला सर्वांत गाजलेला लेख आला. पूर्ण दिवसांच्या ६३१ बाळांची तुलना साउथॅम्प्टनच्या ३३८ गोऱ्या बाळांशी केली होती. आपले बाळ सरासरी २.७ किलोचे, त्यांचे ३.५ किलोचे. यात नवल नाही. नवल पुढे आहे. आपल्या बाळाचे पोट आणि दंड फारच लहान होते, म्हणजे यकृतासारखे आतले अवयव आणि स्नायू कमी. परंतु पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. इतर सर्व गोष्टींत काटकसर, चरबी तेवढी राखलेली. याला त्यांनी 'थिन-फॅट' बाळ म्हटले. आपण म्हणू, वरून रोड, आतून चरबीचे. त्याच्या आधी २००२ मध्ये नाळेतले रक्त तपासून दाखवले होते की वजनाने हलके असूनही पुण्याच्या बाळाच्या रक्तात लंडनच्या बाळापेक्षा इन्सुलिन जास्त असते.

म्हणजे भाऊंच्या साखरेची सुरुवात कदाचित त्यांच्या आईच्या पोटातच झाली होती. त्या माउलीच्या ताटात तेव्हा काय होते, हे आज सांगणार कोण?

पोट भरले, पण जस्त नव्हते

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती वाचून मी खुर्चीवरून उठलोच. २००१ साली डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांचा लेख आला. या माता दिवसाला सुमारे १८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने खात होत्या. शिफारशीपेक्षा हे कमीच. साहजिकच कोणालाही वाटेल की जी जास्त जेवली तिचे बाळ मोठे. परंतु हिशेब तसा जुळला नाही. एकूण कॅलरी आणि प्रथिने यांच्याशी बाळाच्या वजनाचा ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो तीन गोष्टींशी: दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे. ज्या माता हे पदार्थ वरचेवर खात होत्या, त्यांची बाळे मोठी होती. हा फरक बारीक, अशक्त मातांमध्ये जास्त ठळक होता.

शेतकरी बंधूंनो, ही भाषा आपल्याला नवी आहे का? पदविकेच्या पहिल्या वर्षाला आम्हाला लिबिगचा नियम शिकवतात. पिंपाची एक फळी आखूड असेल तर पाणी तिथपर्यंतच भरते, बाकीच्या फळ्या कितीही उंच असोत. संत्र्याला युरियाची गोणी ओतली, पण जमिनीत जस्त नसेल, तर पान पिवळेच राहते. त्या दिवशीच्या बैठकीत मी हेच तर सांगत होतो! "नत्र वाढवू नका भाऊ, आधी जस्त द्या." आईच्या ताटातही तसेच. भाकर म्हणजे नत्र. दूध, भाजी, फळ म्हणजे सूक्ष्म अन्नद्रव्य. झाडाचे पिवळे पान आम्हाला बांधावरून दिसते. घरातली सून पिवळी पडली तर दिसत नाही.

याच अभ्यासातून २००३ मध्ये आणखी एक लेख आला. गरोदरपणात शेतातले आणि घरातले जड काम जिने जास्त केले, तिचे बाळ लहान भरले. कापूस वेचणी, निंदण, पाण्याचे हंडे यांचा हा हिशेब आहे. 'आमच्या वेळी आम्ही बाळंत होईपर्यंत वावरात होतो' हे म्हणणाऱ्या आजींना वंदन करून सांगावेसे वाटते, की त्यात तुमची ताकद दिसली, पण किंमत लेकराने मोजली असेल.

बी-१२ आणि आपला गोठा

मग त्या दुधात असे काय होते? इथून याज्ञिकांचे लेख ब-१२ जीवनसत्त्वाकडे वळतात. लोक त्याला 'बी-ट्वेल्व्ह' म्हणतात.

हे जीवनसत्त्व माणसाला रोज लागते किती? दोन-अडीच मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा आणि त्यातले दोन घ्या. परंतु तेवढे नसेल तर रक्त नीट बनत नाही, हातापायाला मुंग्या येतात, जीभ लाल होऊन सोलवटते, थकवा जात नाही. आणखी एक काम असे, की होमोसिस्टीन नावाचा पदार्थ शरीरात तयार होत असतो. त्याला पुन्हा उपयोगी रूप देण्यासाठी बी-१२ आणि फोलिक आम्ल, दोघांनी मिळून काम करावे लागते. एक बैल बसला की वखर थांबते. होमोसिस्टीन साचत जाते आणि गर्भाच्या वाढीत, जनुकांवर ज्या खुणा व्हायच्या असतात त्यांच्यात, गडबड होऊ शकते.

आता कृषीवाल्याच्या कामाचा मुद्दा. बी-१२ कोणतेही झाड बनवत नाही. तूर नाही, गहू नाही, पालक नाही, संत्रे नाही. ते फक्त जिवाणू बनवतात. गाय-म्हैस रवंथ करते, तिच्या पहिल्या पोटात, म्हणजे कोठीपोटात, हे जिवाणू राहतात. चाऱ्यातून आलेले कोबाल्ट घेऊन ते बी-१२ तयार करतात आणि ते दुधात उतरते. ऑस्ट्रेलियात काही भागांत चांगल्या कुरणात चरूनही मेंढ्या खंगून मरत. १९३० च्या दशकात त्याचे कारण सापडले: जमिनीत कोबाल्ट नाही. पुढे १९४८ साली बी-१२ वेगळे काढण्यात आले आणि त्याच्या पोटात कोबाल्टच निघाले. डोरोथी हॉजकिन या बाईंनी क्ष-किरणांनी त्याची रचना शोधली आणि १९६४ चे नोबेल मिळवले. माती, चारा, म्हैस, दूध, आई आणि बाळ अशी ही साखळी आहे. आपण ती केंद्राच्या कॅनपाशी तोडतो.

याज्ञिकांच्या २००६ मधील एका लेखात पुणे भागातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी आहे. त्यात खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे तीन गट. ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी निघाले. गंमत म्हणजे सर्वांत जास्त कमतरता खात्या-पित्या शहरी मध्यमवर्गात होती. शाकाहारी माणसात धोका कित्येक पटींनी जास्त.

इथे रिद्धपूरचा विचार येतो. श्रीगोविंदप्रभूंची ही भूमी, महानुभाव पंथाचे हे मोठे स्थान, लीळाचरित्राचे जन्मगाव, आणि आता मराठी भाषेच्या विद्यापीठाचे गाव. शाकाहार इथल्या रक्तात आहे आणि तो कोणी सोडावा असे कोणी म्हणत नाही. जे खातात त्यांनी अंडी-मासे जरूर खावे. परंतु जो शाकाहारी आहे त्याला बी-१२ मिळण्याची घरातली जागा एकच, ती म्हणजे गोठा. शाकाहारी घराने सगळे दूध विकले तर त्याने आपली एकुलती एक विहीर विकली, असे समजा. पुण्याच्याच चमूने २०१३ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात तरुण शाकाहारींना रोज दूध दिले. साध्या दुधाने त्यांचे बी-१२ वाढले. औषध नाही, साधे दूध.

एक गैरसमज दूर करतो. "आमी तूप खातो नं साहेब," असे पुष्कळ जण म्हणतात. बी-१२ पाण्यात विरघळणारे आहे. लोणी काढले की ते ताकात राहते, तुपात जात नाही. तेव्हा तूप सुनेला आणि ताक गड्याला असे असेल, तर बी-१२ गड्याच्या वाट्याला गेले!

फोलिकची गोळी आणि तिची जोडीदारीण

फोलिक आम्लाचा शोधही महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९२८ च्या सुमारास ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईला आल्या. तिथल्या गरोदर बायकांत, विशेषतः कापड गिरणीतल्या कामगार बायकांत, एक जीवघेणा रक्तक्षय होता. त्या गिरण्यांत आपल्या वऱ्हाडचा कापूसही जात असे. यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बायका बऱ्या झाल्या, असे त्यांनी १९३१ मध्ये लिहिले. त्या अर्कातला गुण म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलिक आम्ल. म्हणून आज प्रत्येक गरोदर बाईला लोह आणि फोलिकची गोळी मिळते. ती घेतलीच पाहिजे.

परंतु याज्ञिकांच्या २००८ मधील लेखाने यात एक नवी गोष्ट सांगितली. त्या सहा गावांतल्या मातांपैकी दोन तृतीयांश मातांत बी-१२ कमी होते. फोलिकची कमतरता मात्र जवळजवळ नव्हतीच. त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा तपासली. ज्यांच्या आईचे बी-१२ कमी आणि फोलिक जास्त होते, त्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचा दोष सर्वांत जास्त आढळला. ही मधुमेहाकडे जाणारी वाट. जोडीतला एक बैल दमदार आणि दुसरा मरतुकडा असला की तास वाकडे जाते, तसेच हे.

पुन्हा सांगतो, यावरून कोणीही फोलिकची गोळी बंद करू नये. बाळाच्या मेंदूसाठी, मणक्यासाठी आणि आईच्या रक्तासाठी ती लागते. जोडीला बी-१२ ही हवे, एवढाच धडा.

ही मुले पुढे अठरा वर्षांची झाली. २०२१ मधील लेखाप्रमाणे मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के यांच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर किंवा त्यापलीकडे होती. खेड्यातली, बारीक अंगाची, अठरा वर्षांची पोरे! देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीने २०२३ मध्ये सांगितले. त्यातली किती पोरे आपल्या बांधावरची असतील, याचा विचार करावा.

घाई नको, पण उशीरही नको

एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असे लगेच ठरत नाही. आम्हीही एका बांधावर वाण चांगले आले म्हणून साऱ्या तालुक्याला शिफारस करीत नाही. प्रयोगाचा प्लॉट आणि साधा प्लॉट शेजारी लावून पाहतो. असा प्लॉट मुंबईच्या झोपडपट्टीत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी लावला. पालेभाजी, सुकी फळे आणि दूध घातलेला समोशासारखा पदार्थ बायकांना गर्भ राहण्याच्या आधीपासून दिला. २०१४ मध्ये निकाल आला. सगळ्यांचा मिळून पाहिला तर बाळाच्या वजनात फरक नाही. परंतु ज्यांनी गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून खाल्ले, त्यांच्या बाळांचे वजन सुमारे ४८ ग्रॅमने वाढले. अगदी अशक्त बायकांत तेवढाही फायदा दिसला नाही. गरोदरपणातला मधुमेह मात्र खाणाऱ्यांत कमी आढळला.

म्हणजे पेरणी झाल्यावर शेणखत टाकून उपयोग नाही, ते आधी मुरावे लागते. नांगरट उन्हाळ्यात होते, तसे पोरीचे अंग भरायला तिच्या पंधरा-सोळाव्या वर्षापासून सुरुवात हवी. याज्ञिकांच्या चमूनेही पुढे तोच मार्ग धरला. त्या सहा गावांतली बाळे मोठी झाली, तेव्हा २०१२ पासून त्यांनाच, त्यांचे लग्न-मूल होण्याच्या आधीपासून, रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग हाती घेतला. आजी, आई आणि नातू अशा तीन पिढ्यांची वही एका ठिकाणी आहे.

आपण काय करावे?

एक. रोजच्या दुधातून अर्धा लिटर आधी घरात काढा, मग कॅन भरा. तरुण मुलगी, सून, गरोदर बाई यांना पेलाभर दूध, नाही तर दही किंवा घट्ट ताक रोज. चहातले दूध यात धरू नका.

दोन. मेथी, पालक, अंबाडी, तांदुळजा, घोळ, हरभऱ्याची कोवळी भाजी यापैकी एक दररोज ताटात. विहिरीच्या मोटारीजवळ दोन वाफे पुरे होतात.

तीन. आपण संत्र्याच्या मुलखात राहतो. आंबिया आणि मृग, दोन्ही बहारांत ट्रक भरतात, पण घरच्या बाईच्या हाती फळ पडत नाही. छाटाईत निघालेली फळे व्यापारी घेत नाही. त्यांची चव काही वाईट नसते.

चार. जनावराला रोज ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या. त्यात कोबाल्ट असते. ते नसेल तर कोठीपोटातले जिवाणू बी-१२ कशातून बनवणार?

पाच. हातापायाला मुंग्या, न जाणारा थकवा, गोळ्या घेऊनही न वाढणारे रक्त असे असेल तर डॉक्टरांना बी-१२ विषयी विचारा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते. त्यांनी तर जरूर विचारावे. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

सहा. गरोदर बाईच्या डोक्यावरचा हंडा आणि पाठीवरची कापसाची झोळी उतरवा. हे फुकट होते.

मागच्या आठवड्यात पुन्हा भाऊंच्या घरी गेलो. त्यांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर सांगितले. ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे माह्या मायच्या ताटात दूध नोयतं, ते मले भोवलं म्हना." आजी जवळच बसली होती. ती म्हणाली, "कुठून असन रे बाबू? दोन शेळ्या होत्या, तेही इकून टाकल्या होत्या." तिच्या डोळ्याला पाणी आले. तिची काही चूक नव्हती. तिला कोणी सांगितलेच नव्हते.

बाळंतपण अडेल ही तिची भीतीही खोटी नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितले ते तिला सांगितले, की पेलाभर दुधाने बाळ अवजड होत नाही, शे-दोनशे ग्रॅमने भरले तर ते चांगलेच. वेळेवर दवाखान्यात तपासणी आणि तिथेच बाळंतपण, हा त्या भीतीवरचा उपाय आहे.

निघताना पाहिले, कॅन भरायच्या आधी आजीने एक गंजभर दूध बाजूला काढून चुलीवर ठेवले. नऊ लिटरातले अर्धा लिटर, म्हणजे अठरावा भाग. किती दिवस टिकते ते पाहू. येत्या सोमवारी त्याच गावात महिला बचत गटाची बैठक आहे. विषय पत्रिकेवर 'दुधाळ जनावरांचे व्यवस्थापन' असा आहे. त्यात मी हा अठरावा भाग घालणार आहे. आपल्याही गावच्या बैठकीत कोणी घातला तर बरे होईल.